खिडक्या बदलायच्या आहेत : सातारा-सांगलीच्या घरांपुढचा प्रश्न

सांगलीचं विश्रामबाग, साताऱ्याची शाहूपुरी, कऱ्हाडचं विद्यानगर. अशा वसाहतींतली पुष्कळ घरं १९७० ते १९९० या दोन दशकांत उभी राहिली. त्यांच्या खिडक्या लाकडी चौकटीच्या किंवा लोखंडी झेड सेक्शनच्या. काच तीन-चार मिलिमीटरची आणि लांबी लावून बसवलेली. आज या खिडक्या एकाच वेळी दमल्या आहेत. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि झडप लागत नाही. लोखंड तळाच्या कोपऱ्यात गंजून पापुद्रे सोडतं. लांबी वाळून गळून पडते आणि वाऱ्यात काच खडखडते. शिवाय याच घरांत आता एक तरी एसी आला आहे, उन्हाळ्याचं वीजबिल डोळ्यांत भरू लागलं आहे आणि फॅब्रिकेटर दारात मोजपट्टी घेऊन उभा आहे. तो यूपीव्हीसी सुचवतो, दुसरा डोमल अॅल्युमिनियम सुचवतो, सुतार सागवानच घ्या म्हणतो आणि आर्किटेक्ट म्हणतो, आधी छज्जा वाढवा.

या चौघांच्या म्हणण्यात तथ्य किती, कोणाचं म्हणणं कुठे लागू पडतं आणि कुठे पडत नाही, हे एकदा शांतपणे मांडायला हवं. खिडकी ही पंचवीस-तीस वर्षांची गुंतवणूक असते आणि आपल्याकडे ती बहुतेक वेळा चौरस फुटाच्या दरावर एका संध्याकाळी ठरते.

दोन जिल्हे, अनेक हवामानं

सगळ्यात आधी एक गोष्ट मान्य करावी लागते. ‘सातारा-सांगलीला चालणारी खिडकी’ असं काही नसतं. महाबळेश्वर सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून रस्त्याने सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या दहिवडीत, माण तालुक्यात, तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. सांगली जिल्ह्यात शिराळा भिजतो आणि जत, आटपाडी, कवठेमहांकाळ कोरडे राहतात. साताऱ्याच्या पश्चिमेला चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी राहिली ती तिथल्या वाऱ्यामुळेच. त्या वाऱ्याच्या तोंडावरच्या घराला खिडकीच्या फटीतून येणारं पाणी छळतं. जतच्या घराला एप्रिलमधलं पश्चिमेचं ऊन छळतं, आणि सांगलीच्या गावभागातल्या किंवा शामरावनगरातल्या घराला कृष्णेचं पाणी.

म्हणून जाहिरातीत दिसणाऱ्या खिडकीबद्दल पहिला प्रश्न असा विचारावा : ही कोणत्या त्रासावरचा उपाय आहे?

इथवर आपण कसे आलो

वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आजही पाहता येतो. त्या काळच्या घरबांधणीचा हिशेब तिथे सरळ वाचता येतो. भिंती जाड, बाहेरच्या अंगाला उघडी कमी आणि लहान, उजेड-वारा मुख्यतः आतल्या चौकातून. खिडकी भिंतीच्या जाडीत खोल बसवलेली असल्यामुळे भिंतच तिच्यावर सावली धरते. काच नव्हतीच. लाकडी झडपा दुपारी लावायच्या आणि दिवेलागणीला उघडायच्या. हे काम घरातलं माणूस करत असे आणि त्याला ते माहीत असे. आजच्या खिडकीच्या चर्चेतून नेमकी हीच गोष्ट निसटली आहे.

काच आपल्या घरांत उशिरा आली. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली ओगले काच कारखाना सुरू झाला आणि त्याचा प्रभाकर कंदील घराघरांत गेला, पण तो कंदिलाचा कारखाना होता, तावदानांचा नव्हता. खिडकीची काच ही बंगले, शाळा, कचेऱ्या यांची वस्तू राहिली. महाबळेश्वर-पाचगणीच्या इंग्रजी बंगल्यांना काचेचे व्हरांडे आले. त्याच गावांतले लोक मात्र पावसाआधी घराच्या भिंतींना गवताच्या झडी बांधत. दारं-खिडक्यांसकट सगळी पश्चिम बाजू झाकून टाकायची, हा तिथला अनुभवातून आलेला उपाय होता. आता गवताची जागा बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकने घेतली आहे.

स्वातंत्र्यानंतर सिमेंट-काँक्रीट आलं, भिंत नऊ इंचांवर आली, खिडकी मोठी झाली आणि बाहेरच्या पातळीला सरकली. सावली धरायचं काम दीड-दोन फुटी छज्ज्याकडे आलं. नव्वदीनंतर अॅल्युमिनियमची सरकती खिडकी आली. २००० साली चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला सेंट-गोबेनचा फ्लोट काचेचा कारखाना सुरू झाला आणि पुढच्या काळात सपाट, स्वच्छ, मोठ्या मापाची काच तालुक्याच्या दुकानापर्यंत सहज पोचू लागली. त्यामागोमाग यूपीव्हीसी आलं. मऊपणा आणणारी द्रव्यं न घातलेलं हे कडक पीव्हीसी. त्याच्या खिडक्या १९५०च्या दशकात पश्चिम जर्मनीत सुरू झाल्या. तिथला प्रश्न घरातली ऊब बाहेर जाऊ न देण्याचा होता. आपला प्रश्न बरोबर उलटा आहे. खालची सगळी चर्चा वाचताना हे लक्षात ठेवावं.

चार बाजू

लाकडाच्या बाजूचे लोक सांगतात ते खोटं नाही. जुनं सागवान पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, उष्णता फारशी वाहत नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुरुस्त होतं. बिजागरी बदलता येते, कुजलेला तुकडा कापून नवा जोडता येतो, झडप रंधून पुन्हा बसवता येते. हे गावातला सुतार करतो, त्यासाठी कंपनीचा माणूस पुण्याहून यावा लागत नाही. अडचण नव्या लाकडाची आहे. पुरतं न वाळलेलं लाकूड चौकटीत गेलं की पहिल्याच पावसाळ्यात पीळ घेतं. चांगलं सागवान महाग झालं म्हणून चौकटीला मलेशियन साल वापरतात. वाळवी आहेच. तरी जुन्या घरात सागवानी चौकट शाबूत असेल तर ती उपटून टाकण्याचं कारण मला दिसत नाही. सडलेल्या झडपा बदलून, नवी काच आणि फटीत रबराची पट्टी लावून तिचं आयुष्य वाढतं. अशी दुरुस्ती सुचवण्यात कोणाचाच मोठा धंदा नसतो, म्हणून ती सुचवलीही जात नाही.

अॅल्युमिनियम जिंकलं ते सोयीवर. तीन ट्रॅकच्या सरकत्या खिडकीत दोन काचा, एक मच्छरजाळी आणि बाहेर ग्रील हे सगळं एकमेकांच्या आड न येता बसतं. उघडझाप करणाऱ्या झडपांना ही जुळणी कठीण जाते. झडप बाहेर उघडायची तर ग्रील आत घ्यावी लागते, आत उघडायची तर जाळी अडते. डासांचा त्रास, चोरीची भीती आणि महाबळेश्वर-पाचगणीत माकडं, या तिन्हींचा विचार करणाऱ्या गृहिणीने सरकती खिडकी निवडली तर तिचं चुकत नाही. अॅल्युमिनियम गंजत नाही, पावडर कोटिंग चांगलं असेल तर रंगवावं लागत नाही, आणि फॅब्रिकेटर प्रत्येक तालुक्याला आहे. उणं म्हणजे हा धातू उष्णता यूपीव्हीसीच्या सुमारे हजारपट वाहतो. उन्हात चौकटीला हात लावला की कळतं. दुसरं उणं सेक्शनचं. स्वस्त दरात मिळणारी पाऊण इंची पातळ सेक्शनची खिडकी आणि जाड डोमल सेक्शनची खिडकी यांना बोलताना आपण एकाच नावाने ओळखतो. वाऱ्या-पावसात मात्र त्या दोन वेगळ्या वस्तू ठरतात.

यूपीव्हीसीची बाजू घट्टपणाची आहे. कोपरे वितळवून जोडलेले असतात, झडप रबराच्या दोन ओळींवर दाबून बसते आणि कडी फिरवली की ती चहूबाजूंनी आवळली जाते. पुणे-बंगळूर महामार्गालगत सातारा किंवा कऱ्हाडमध्ये राहणाऱ्याला ट्रकच्या आवाजापासून सुटका हवी असेल तर हा घट्टपणा फार मोलाचा आहे. ऊसपट्ट्यात गळिताच्या हंगामात पाला जाळल्यावर हवेतून येणारी काळी राख ज्यांनी रोज ओट्यावरून पुसली आहे त्यांनाही हे पटेल. पण हे सगळे गुण झडपेच्या यूपीव्हीसी खिडकीचे आहेत. सरकत्या यूपीव्हीसी खिडकीत रबराऐवजी केसाळ पट्टी असते आणि तिच्यातून हवा येते. दुकानदार नमुना एकाचा दाखवतो आणि दर दुसऱ्याचा सांगतो, असं घडतं. आणखी एक, या प्लास्टिकच्या आत पोलादी पट्टी नसेल तर मोठ्या मापाची झडप उन्हात वाकते. ही पट्टी बाहेरून दिसत नाही.

चौथी बाजू कोणत्याच मालाची नाही. ती म्हणते, खिडकीचं काम खिडकीच्या बाहेर सुरू होतं. म्हैसूर संस्थानात मुख्य वास्तुरचनाकार राहिलेले ऑटो कोनिग्सबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली उष्ण प्रदेशातल्या घरबांधणीवर जे पाठ्यपुस्तक लिहिलं, त्यात हाच विचार हिशेबानिशी मांडला आहे. दिशा, सावली आणि वारा यांवर सगळा भर, आणि तावदानापर्यंत पोचण्याआधीच ऊन अडवायचं. आपले जुने लोक बांबूचे चिक आणि वाळ्याचे पडदे बाहेरून टांगत ते याच कारणाने. आतून लावलेल्या पडद्याने ऊन दिसेनासं होतं, पण त्याची उष्णता खोलीत आलेलीच असते. या बाजूचं उणं इतकंच की तयार घराला दिशा बदलता येत नाही, आणि छज्जा वाढवायला शेजाऱ्याची हद्द व नगरपालिकेचे नियम आडवे येतात.

नियम काय म्हणतात

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर २०१८मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. देशाचे पाच हवामान विभाग पाडून तिने घराच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली. थंड विभाग सोडून चौरस मीटरला १५ वॅट. खिडकीबद्दल तिचे दोन निकष सामान्य माणसाला थेट उपयोगी आहेत. पहिला उघडण्याचा. जमिनीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात किती खिडकी प्रत्यक्ष उघडली पाहिजे ते तिने सांगितलं आहे. उष्ण-कोरड्या भागात १० टक्के, उष्ण-दमट भागात १६.६६ टक्के, समशीतोष्ण भागात १२.५ टक्के. आणि हे मोजताना दोन काचांची सरकती खिडकी निम्मीच धरायची, झडपांची मात्र ९० टक्के. म्हणजे झडपांच्या जागी सरकती खिडकी आली की खोलीत येणारा वारा जवळपास निम्म्यावर येतो, हे सरकारी कागदावरच मान्य आहे. दुसरा निकष उजेडाचा. भिंतीच्या ३० टक्क्यांपर्यंत खिडक्या असतील तर काचेने निदान २७ टक्के उजेड आत सोडलाच पाहिजे. गडद निळी-काळी काच लावून दिवसा ट्यूब पेटवायची, यावर हा चाप आहे.

मात्र ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. आपल्याकडचा दोन-तीन गुंठ्यांचा प्लॉट त्यात येत नाही, आणि जुन्या घरात चार खिडक्या बदलणाऱ्याला तर कोणीच विचारत नाही. पंखा, फ्रिज, एसी घेताना ताऱ्यांची पट्टी पाहण्याची सवय लागली. खिडकी घेताना ग्राहकाच्या हाती तसलं काही पडत नाही. जे पडतं ते दरपत्रक.

एका खिडकीचा हिशेब

वादाचा गाभा ऊर्जेच्या बचतीत आहे, म्हणून एकच खिडकी घेऊन आकडे मांडून पाहू. चार फूट बाय चार फूट, म्हणजे सुमारे दीड चौरस मीटर, पश्चिमेची, साधी काच, आत एसी. महिने मार्च ते जूनचा आरंभ, धरा १०० दिवस.

उष्णता दोन वाटांनी येते. एक वाट तापमानातल्या फरकाची. बाहेर ३४ आणि आत २६ अंश धरले, एसी आठ तास चालतो असं मानलं, तर एकेरी काचेतून सुमारे ७० वॅट आत येतात. एकेरी काचेचा उष्णता-वहनाचा आकडा, ज्याला दुकानात यू-व्हॅल्यू म्हणतात, ५.८च्या आसपास असतो. साध्या दुहेरी काचेचा २.८च्या आसपास. म्हणजे दुहेरी काचेने ७०चे ३५ वॅट होतात. आठ तासांत जेवढी उष्णता वाचली तेवढी बाहेर फेकायला बऱ्यापैकी एसीला दिवसाला युनिटचा बारावा भाग लागतो. १०० दिवसांत सुमारे ८ युनिट.

दुसरी वाट उन्हाची. एप्रिलच्या दुपारी साडेतीन ते साडेसहा या वेळात पश्चिमेच्या तावदानावर चौरस मीटरला सरासरी ५०० वॅट ऊन पडतं असं धरू. साध्या काचेतून त्यातला सुमारे ८२ टक्के भाग खोलीत उतरतो. म्हणजे सहाशेच्या वर वॅट. खोलीत तीन तास इस्त्री चालू ठेवल्यासारखं हे आहे. साध्या दुहेरी काचेने हा वाटा ७० टक्क्यांवर येतो आणि आणखी ८ युनिट वाचतात. ऊन परतवणारा लेप दिलेली, ३० टक्केच उष्णता सोडणारी काच घेतली तर एकेरी असूनही ३३ युनिटच्या आसपास वाचतात. आणि बाहेरून चिक, झडप किंवा उभी फळी लावून ८० टक्के ऊन तावदानाबाहेरच थांबवलं तर ४० युनिटच्या वर.

वीज युनिटला १० रुपये धरली, तर साध्या दुहेरी काचेने वर्षाला या खिडकीमागे दीडशेच्या आसपास रुपये वाचतात. लेपाच्या काचेने सव्वातीनशे, बाहेरच्या सावलीने चारशेच्या वर. हे आकडे ढोबळ आहेत. एसी अधिक तास चालला, खिडकी मोठी असली, फटी जास्त असल्या, की ते वाढतील. पण क्रम बदलणार नाही. केवळ वीजबिल निम्मं होईल म्हणून साधी दुहेरी काच घेणाऱ्याची निराशा होणार आहे. ती आवाजासाठी घेतली तर समजण्यासारखं आहे, तीही दोन काचा वेगवेगळ्या जाडीच्या असतील आणि झडप घट्ट बसत असेल तर.

दिशांचा प्रश्नही इथेच निकाली निघतो. सांगली साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीला दुपारी सूर्य दक्षिणेला ५० अंशांवर असतो, आणि दोन फुटी छज्जा तेव्हा दक्षिणेच्या खिडकीवर सव्वादोन फुटांपेक्षा जास्त सावली पाडतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो किंचित उत्तरेला असतो. म्हणून दक्षिणेला साधा छज्जा पुरतो. पश्चिमेला नाही पुरत. एप्रिलमध्ये साडेचार वाजता तोच दोन फुटी छज्जा चार फुटी खिडकीचा जेमतेम सव्वा फूट झाकतो, साडेपाचला आठ इंच. बाकीची सगळी खिडकी उन्हात. चारही बाजूंना एकाच मालाच्या, एकाच काचेच्या खिडक्या लावण्यात पैसा वाया जातो तो यामुळे. उत्तर-दक्षिणेला साधी चांगली काच, आणि त्यातून वाचलेले पैसे पश्चिमेच्या सावलीवर, हा क्रम मला योग्य वाटतो.

आणि एसी नसलेल्या खोल्यांचं काय? घरातल्या बहुतेक खोल्या पंख्यावरच असतात. आपल्या पूर्वभागात मार्च-एप्रिलच्या रात्री दिवसाच्या मानाने चांगल्याच उतरतात. ती थंड हवा खोलीत घ्यायला खिडकी पूर्ण उघडली पाहिजे. इथे काचेच्या प्रतीपेक्षा उघडणारी जागा मोलाची, आणि समोरासमोर दोन उघडी असली तर अधिकच.

पाणी कुठून येतं

महाबळेश्वर, पाटण, शिराळा या पट्ट्यात विजेआधी पाण्याचा विचार करावा लागतो. सरकत्या खिडकीचा तळाचा ट्रॅक जवळून पाहिला तर कारण दिसतं. काच ज्या पन्हाळीत सरकते तिच्यात पाऊस साचतो आणि बाहेरच्या बाजूला असलेल्या लहान भोकांतून ते पाणी निघून जावं अशी योजना असते. वाऱ्याचा जोर वाढला की बाहेरचा दाब पाणी आत ढकलतो, भोकांतून निचरा थांबतो, पन्हाळी भरते आणि आतली कड बुटकी असेल तर पाणी तिच्यावरून खोलीत उतरतं. पुष्कळदा ही भोकं पाडलेलीच नसतात, किंवा बसवताना सिलिकॉनने बुजवली जातात. म्हणून आतली कड किती उंच आहे आणि पाणी जायची भोकं कुठे आहेत, हे दोन प्रश्न घाटमाथ्यावरच्या ग्राहकाने आधी विचारावेत. तिथे पश्चिमेला झडपेचीच खिडकी घ्यावी असं मी म्हणेन. तिच्यावर वाऱ्याचा दाब आला की बाहेर उघडणारी झडप रबरावर आणखी घट्ट बसते.

बसवण्याचं काम मालाइतकंच महत्त्वाचं आहे. आपल्याकडे खिडकीच्या चारही बाजूंना ग्रॅनाइट किंवा कडप्प्याच्या पट्ट्या लावायची पद्धत आहे. तळाची पट्टी बाहेरच्या बाजूला उतरती हवी आणि भिंतीच्या पुढे थोडी आलेली हवी. तिच्या खालच्या अंगाला खाच हवी, म्हणजे थेंब भिंतीकडे न वळता खाली पडतो. पट्टी सपाट किंवा आत कललेली असेल तर कितीही महाग खिडकीखालच्या भिंतीला ओल येणार. मोजमाप घेताना भोकाचे दोन्ही कर्ण मोजले का, हेही पाहावं. जुन्या घरातलं भोक क्वचितच काटकोनात असतं.

उंचीचा एक वेगळाच मुद्दा महाबळेश्वरला येतो. दुहेरी काचेच्या मधली हवा कारखान्यात सीलबंद होते. सखल भागात सील केलेली काच १३७० मीटरवर नेली की बाहेरचा दाब कमी पडतो आणि दोन्ही काचा फुगतात, सीलवर ताण येतो. सील सुटलं की आत दव धरतं, आणि ते पुसता येत नाही. मागणी नोंदवताना उंची सांगायला हवी.

घट्टपणाची दुसरी बाजूही आहे. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे घट्ट बंद राहिलेल्या खोलीत बुरशी धरते. त्याहून गंभीर म्हणजे गॅस गिझर. न्हाणीघरात गॅस गिझर असेल आणि जुन्या फटीच्या खिडकीच्या जागी घट्ट खिडकी बसली, तर कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो. गिझर बाहेर काढावा किंवा न्हाणीघरात कायम उघडी राहणारी जाळी ठेवावी. इथे तडजोड नको.

भूकंप आणि पूर

११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप या भागाला विसरता येणार नाही. खिडकी बदलताना ती मोठी करून घ्यायचा मोह होतो. विटांच्या किंवा दगडाच्या भारवाहक भिंतीत भोक रुंद केलं, लिंटलची पट्टी कापली, तर भिंतीचं बळ जातं. आयएस ४३२६ हे मानक भिंतीतल्या उघड्यांची एकूण रुंदी आणि कोपऱ्यापासूनचं त्यांचं अंतर यांवर मर्यादा घालतं. मोठी खिडकी हवीच असेल तर ते काम फॅब्रिकेटरच्या सल्ल्याने करू नये, इंजिनिअरला विचारावं.

सांगलीत ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१च्या जुलैत पुन्हा पूर आला. पूररेषेतल्या तळमजल्याला महागडी दुहेरी काच किंवा पोकळ कप्प्यांची चौकट लावताना विचार करावा, कारण कप्प्यांत गेलेला गाळ निघत नाही. धुता येईल, उघडून वाळवता येईल अशी साधी खिडकी तिथे बरी. आणि एका तरी खोलीच्या ग्रीलला आतून उघडणारं दार हवंच. पुरात किंवा आगीत कायमची जखडलेली ग्रील माणसाला कोंडते.

न सुटलेलं

काही प्रश्न खरोखर उघडे आहेत. यूपीव्हीसी आपल्या उन्हात तीस वर्षांनी कसं दिसेल, हे जर्मनीच्या अनुभवावरून ठरवता येत नाही. इथला माल अजून तेवढा जुना झालेला नाही, आणि कंपनी-कंपनीच्या मिश्रणात फरक असतो. निकामी झालेल्या खिडकीचं पुढे काय, याचंही उत्तर नीट नाही. अॅल्युमिनियम भंगारात विकलं जातं आणि पुन्हा वितळतं. लाकूड दुसरीकडे कामी येतं. यूपीव्हीसीची तशी साखळी आपल्या तालुक्यांत उभी राहायची आहे.

दुसरा प्रश्न आरामाच्या व्याख्येचा आहे. बंद खोलीत २४ अंशांवर बसणं हा आराम, की पंखा आणि उघड्या खिडकीत तीस-एकतीस अंश चालवून घेणं हाही आरामच? २०१९च्या राष्ट्रीय शीतलन आराखड्याचा कल बाहेरच्या हवामानाशी जुळवून घेण्याकडे आहे. खिडकी विकणाऱ्यांची भाषा बंद खोलीची आहे. एकाच घरात दोन्ही प्रकारच्या खोल्या असतात, त्यामुळे हा वाद घराघरांत वेगवेगळा सुटेल.

तिसरा प्रश्न मोजमापाचा. वर मांडलेला हिशेब कागदावरचा आहे. जत, सांगली, सातारा, महाबळेश्वर इथल्या प्रत्येकी पाच-दहा घरांत खिडकी बदलण्याआधी आणि नंतर तापमान व वीज मोजली, तर सगळ्या बाजूंना आपले दावे तपासता येतील. सांगलीचं वालचंद कॉलेज, कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्यासारख्या संस्थांतल्या विद्यार्थ्यांना एका उन्हाळ्यात झेपेल असं हे काम आहे, आणि ते त्यांनी हाती घ्यावं अशी माझी विनंती आहे.

तोवर काय करावं

शाबूत सागवान काढू नका. पश्चिमेला आधी सावली करा, मग काच निवडा. निजायच्या खोलीत झडपेची खिडकी घ्या, म्हणजे रात्रीचा वारा मिळेल. दरपत्रकावर सेक्शनची जाडी, काचेची जाडी, आतल्या पोलादी पट्टीचा उल्लेख आणि काच किती उष्णता सोडते तो आकडा लेखी मागा. लेखी द्यायला तयार नसेल त्याच्याकडून घेऊ नका. काम दिवाळी ते होळी या दरम्यान काढा. तेव्हा भिंत कोरडी असते आणि सिलिकॉन नीट धरतं. आणि कारागिराच्या बिलातली थोडी रक्कम, आधीच तसं ठरवून, जूनपर्यंत राखून ठेवा. बसवण्यात चूक राहिली असेल तर ती पहिल्या मोठ्या पावसात दिसते, आणि तेव्हा त्याला परत बोलावता आलं पाहिजे.